मेल्या कानाचं ऐकणं

६ ऑक्टोबर १९१२. मोखाडा.

पोचले एकदाची! डहाणूच्या स्टेशनापासून जव्हारपर्यंत दमणी, जव्हारला एक मुक्काम आणि तिथून इथवर साधी बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण मन शाळकरी पोरीसारखं उड्या मारतंय. वाटेत उतारांवर खुरासणी फुललेली. इतका पिवळा रंग मी वसईला आमच्या देवळातल्या वेदीवर मे महिन्याच्या सणाच्या फुलांतसुद्धा पाहिला नव्हता. गाडीवानाला म्हटलं, जरा थांब, बघू दे. तो म्हणाला, बघतेस काय, तिचं तेल काढतात.

बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी! जव्हारच्या दरबारनं मुलींसाठी छोटी शाळा काढली आहे; वाचन आणि शिवण शिकवायला बाई हवी होती. तीस-पस्तीस वर्षं मी वांद्र्याच्या कॉन्व्हेंटात काढली, आधी शिकत आणि मग शिकवत. आईच्या वाडीतली केळीची पानं, कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेर्तांची बाजाची पेटी, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा, सगळं ट्रंकेत घडी घालून बरोबर आणल्यासारखं वाटतंय.

घर पाड्याच्या टोकाला आहे. कुडाचं, आतून छान सारवलेलं. पुढच्या पडवीत शाळा भरायची. पाडा वीसेक घरांचा, बाजार अर्ध्या कोसावर. कामाला गोदी नावाची बाई आहे. चाळिशीची, काटक, जिभेची तिखट. इथं सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, मलाही. फार गोड वाटलं. आई गेल्यापासून मला ‘तू’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. नवरा कुठंय, असं गोदीनं विचारलं. केलाच नाही म्हटल्यावर म्हणाली, “बरा केलास बाय. माजा नेतेस का?” मग मी भिंतीवर क्रूस टांगत होते तो न्याहाळून, याला खिळे कशाला मारले, यानं काय केलेलं, असं विचारू लागली. काहीच नाही, म्हटलं. “मंग आमच्यातलाच हाय,” म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली.

९ ऑक्टोबर

सहा मुली येतात. गोदीची सोमी सगळ्यांत मोठी, अकरा वर्षांची. तिला पाटीवर ‘स’ काढायला सांगितला तर तिनं त्याला शिंगं आणि शेपूट लावली आणि हा आमचा बैल म्हणाली. रागवायचं होतं, पण मलाच हसू आवरेना. बसायला बाकं नाहीत म्हणून बुधा नावाचा सुताराचं काम येणारा माणूस जंगलातून ऐनाचं झाड तोडून आणणार आहे.

आज हिरी भेटली. ओढ्यापलीकडे एकटी राहते. नवरा नाही, मूल नाही. वय माझ्याएवढंच असावं. कडूकंद उकडून, चिरून, वाहत्या पाण्यात ठेवून गोड केलेले घेऊन आली होती. आधी माझ्या डावीकडे बसली, दोन वाक्यं बोलली आणि काही न विचारता उठून उजवीकडे येऊन बसली. कॉन्व्हेंटातल्या एकीलाही वर्षभरात जे कळलं नव्हतं ते हिला दोन वाक्यांत कळलं. मग तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं. मी डोळे मिटून बसले. तिचे हात आईसारखे खरखरीत आहेत.

१३ ऑक्टोबर. रविवार.

इथं धर्मगुरू नाही, रविवारची मिस्सा नाही. एकटीनंच प्रार्थना म्हटली. आता ज्यासाठी ही वही घेतली तेही लिहून टाकते.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात डावा कान गेला. दुखलं नाही, वाहिलं नाही, हळूहळू दार लोटल्यासारखा बंद झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी आरसा लावून पाहिलं. मळ नाही, पडदा धड. मग दोन काट्यांचा लोखंडी चिमटा वाजवून माझ्या कपाळावर टेकवला. नाद फक्त उजवीकडे आला. त्यांनी चिमटा पुसून ठेवला. मग म्हणाले, दोष आत आहे, मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. वयानं झालं असेल तर चिंता नाही, पण एकाच बाजूला होतं तेव्हा तिथं गाठ वाढत असू शकते. आज सांगता येत नाही. लक्ष ठेवा. कानात शीळ किंवा लाटांसारखा आवाज येईल, त्याला भिऊ नका. पण तोल जाऊ लागला, त्या बाजूचा गाल बधिर झाला, तर लगेच या. आल्यावर काय, असं मी विचारलं. कानामागची कवटी उघडायची. त्या टेबलावरून कितीजण उठतात? पाचांतला एक, तेही त्यांनी खरं सांगितलं.

म्हणून मी रोज सकाळी पाहते. आज: घड्याळ उजवीकडे हातभर अंतरावरून ऐकू आलं, डावीकडे कानाला लावूनही नाही. गालावर कोंबडीचं पीस फिरवलं, कळलं. अंगणात सारवणाच्या रेघेवरून चालले, सरळ.

गाठ असेल का? रोज उठल्यावर पहिला विचार हाच. बाकी सगळं छान आहे.

१९ ऑक्टोबर

सकाळी दहाच्या सुमाराला मुली धडा म्हणत होत्या. डाव्या कानात कुऱ्हाडीचा घाव वाजला.

मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा घाव. एकामागून एक, लयीत, लाकडात रुतून सुटण्याचा चर्रकन आवाजही त्यात. उजवा कान तळव्यानं घट्ट दाबला तर मुलींचा धडा बंद झाला आणि घाव आणखी स्पष्ट झाले. मग एक लांबलचक कडकडाट, पुरुषाची अर्धवट हाक आणि ओलं काहीतरी फुटल्याचा आवाज. भरलेला माठ दगडावर आपटावा तसा. मग काही नाही.

मुलींना विचारलं, कुणी ऐकलं का? सोमी म्हणाली, बायचं पोट वाजलं असेल.

डॉक्टर म्हणाले होते, शीळ येईल, लाटा येतील. कुऱ्हाड येईल असं म्हणाले नव्हते. हे गाठ वाढल्याचं लक्षण असेल तर?

हिरीला सांगितलं. तिनं उठून दार लोटलं. म्हणाली, ऐकलंस ते पोटात ठेव बाय. गोदीला नको सांगू, कुणाला नको सांगू.

२३ ऑक्टोबर

बुधा मेला. काल सकाळी, दहालाच. बाकांसाठीचा ऐन त्याच्याच अंगावर आला. माझ्याकडे औषधाची पेटी आहे म्हणून मला बोलवायला आले. औषध कशाला लावणार? खांद्यावर डोकं नव्हतंच, डोक्याच्या जागी पाचोळ्यात मिसळलेलं काहीतरी होतं आणि त्यावर मुंग्या आल्या होत्या. त्याची बायको ते ओंजळीनं गोळा करत होती. बाबल्या, म्हणजे गोदीचा नवरा, त्याच्याबरोबर होता. तो सांगत होता: घाव सरळ पडत होते, झाड कडाडलं, बुधानं हाक मारली ती अर्धीच राहिली.

मी घरी आले, दार लावलं आणि गुडघ्यांवर बसले. बुधासाठी प्रार्थना म्हणायची होती. ओठांवर आलं ते दुसरंच. गाठीला बुधा कसा ठाऊक असेल? मांसाच्या गोळ्याला तीन दिवस आधी झाड पडताना ऐकू येईल का? म्हणजे गाठ नाही. माझ्या डोक्यात गाठ नाही! देवा, तुझे उपकार.

एक माणूस चेंदामेंदा होऊन पडलाय आणि मी हसत होते. हे फक्त या वहीला सांगते.

गाल: कळतो. चाल: सरळ.

२८ ऑक्टोबर

पुन्हा. भर दुपारी. खूर वाजले, बैलाचं फुरफुरणं, मग कापड फाटल्याचा आवाज. पण कापड एवढं जाड नसतं. आणि सोमीचा आवाज. “आय!” एकदाच.

हिरीनं बजावलं होतं तरी मी गोदीला सांगितलं. सोमीला आठ दिवस बैलाजवळ जाऊ देऊ नकोस म्हटलं. बुधाचंही सांगितलं. गोदी हसली. म्हणाली, बाय, एका कानानं ऐकत नाहीस आणि दुसऱ्यानं जास्ती ऐकतेस. त्या बैलाला सोमीनंच चारा घालून वाढवलाय, तो तिला चाटतो.

मी आणखी जोर द्यायला हवा होता. तिचे हात धरायला हवे होते. नाही धरले. खरं झालं तर गाठ नाही हे पक्कं होईल, असा विचार मनात आला होता का? आला होता. लिहून ठेवते.

१ नोव्हेंबर. सर्व संतांचा दिवस.

सोमी गेली.

बैलानं पोटात शिंग घालून तिला उचललं आणि कुंपणावर फेकलं. मी पोचले तेव्हा ती जिवंत होती. दोन्ही हातांनी स्वतःचं पोट आत ढकलत होती आणि मला म्हणाली, बाय, हे राहत नाही गं आत. माझ्या पदरानं बांधलं. तासाभरानं गेली.

बाबल्यानं कुऱ्हाडीनं बैलाचे पाय तोडले. मग तोंड. बैल फार वेळ ओरडत होता. कुणी बाबल्याला अडवलं नाही.

गोदी रडली नाही. माझ्याकडे बघत होती.

६ नोव्हेंबर. वाघबारस.

आज गुराख्यांनी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावला, कोंबडं दिलं. दरवर्षी म्हणे गाणी होतात. यंदा कुणी गायलं नाही.

संध्याकाळच्या आधी भूतबाधा काढणारा पांड्या भगत आला. मी भयंकर माणसाची कल्पना केली होती. हा वाळकासा, हळू बोलणारा, चपला बाहेर काढून बसणारा म्हातारा निघाला. पाण्यालाही नको म्हणाला नाही. गोदीनं त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, एकाच महिन्यात दोन मरणं आपोआप येत नाहीत. पाड्यात कुणीतरी बाई करते आहे. अशा बाईला इथं भुताळी म्हणतात. रीत अशी: ताटात पाणी घ्यायचं, पाड्यातल्या एकेका बाईचं नाव घेऊन तांदळाचा दाणा सोडायचा. ज्या नावाचा दाणा बुडत नाही, ती.

मग पाण्याचा तांब्या खाली ठेवला. म्हणाला, मी तरणा असताना दाणा एकीच्या नावाला तरंगला. लोकांनी तिला मारली. ती मेल्यावरही पोरं मरतच राहिली. दाणा चुकतो बाय. तेव्हापासून मला झोप नाही. तुझा कान दोनदा खरा ठरला. दिवाळी झाली की लोक जमतील, तेव्हा मला दाणे टाकायला लावू नको. तू ऐकून सांग.

त्याला न्याय करायचा होता. माझ्या कानावर त्याचा विश्वास होता, डॉक्टरांचाही नव्हता एवढा. मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं, बघते.

८ नोव्हेंबर

आलं. सकाळी, घड्याळ कानाला लावलेलं असताना.

काठ्या. खूप काठ्या, एकदम. दगड. हाड मोडतं तो आवाज मी आता ओळखते. आणि हिरीचा आवाज. ओरडत नव्हती, फक्त दम लागल्यासारखी “बाय गे, बाय गे” म्हणत होती.

मला!

१० नोव्हेंबर

ठरवलं. उद्या सगळ्यांसमोर पूर्ण वाक्य सांगायचं: पुढचा घाव हिरीवर पडणार आहे, तिला जपा. त्यांचा माझ्या कानावर विश्वास आहे तर तिला जपतील. वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं. सिस्टर बेर्ता सांगायच्या, घाबरलीस तर आधी मनात म्हण आणि मग मोठ्यानं.

हिरीला जाऊन म्हटलं, माझ्याबरोबर जव्हारला चल, चार दिवस राहू. म्हणाली, नाचणी कापायची आहे. आणि हसून म्हणाली, मला कोण मारतंय, माझ्याकडे आहे काय?

आज अंगणात रेघेवरून चालताना पाऊल दोनदा डावीकडे गेलं. जमीन उंचसखल असेल.

११ नोव्हेंबर

जसं झालं तसं लिहिते.

वाघोबाच्या दगडापाशी सगळा पाडा. दुपार. बाया एकीकडे बसलेल्या, हिरी मागच्या ओळीत. पांड्यानं मला बसायला घोंगडी दिली आणि म्हणाला, सांग.

मी म्हटलं, “हिरी —”

एवढंच. बाबल्या उठला. मग सगळे.

मी ओरडले की तसं नाही, ऐका, तिला मारू नका. कुणाला ऐकू गेलं? गोदीनं पहिला दगड घेतला. दोन्ही हातांत मावणार नाही एवढा. हिरी पळाली, लोकांकडे नाही, माझ्याकडे. काठी गुडघ्यावर बसली तशी पडली आणि रांगत आली. तिचा जबडा सुटला होता. माझ्या अंगावर पडली, डाव्या बाजूला, कायम उजवीकडे बसणारी ती डाव्या बाजूला पडली, आणि माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी म्हणाली. तिचा ऊन श्वास लागला. रक्त कानात गेलं.

ऐकू आलं नाही.

त्या कानाला ऐकू येत नाही.

मग त्यांनी तिला केसांना धरून ओढून नेलं आणि — पांड्या मधे पडला होता, थांबा, बाय काय म्हणते ऐका, असं ओरडत होता. त्याला ढकलून दिलं. मला आवाज ओळखीचे होते. कुठला आधी येणार, कुठला नंतर, सगळं पाठ होतं.

१४ नोव्हेंबर

जव्हारहून शिपाई येऊन गेला. सगळ्यांनी त्याला सांगितलं, हिरी कड्यावरून पडली. कुणी काही पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. पाहिलं म्हटलं तर मी काय म्हटलं होतं तेही सांगावं लागेल.

वहीशी खोटं नको. त्या दिवशी वाक्य पुरं करायला मला वेळ होता. “हिरी” म्हटल्यावर मी थांबले होते. श्वासभर. भ्याले म्हणून नाही. खरं होतं का ते बघायला. तिसऱ्यांदा खरं झालं तर डोक्यात गाठ नाही.

खरं झालं.

१६ नोव्हेंबर

पीस कळलं नाही.

डाव्या गालावर तीनदा फिरवलं. मग सुईनं टोचलं, रक्त आलं, कळलं नाही. चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून गळतो. अंगणात भिंत धरून चालले.

गाठ आहे.

म्हणजे कुऱ्हाड, बैल, काठ्या — ते सगळं — गाठ वाजत होती? मग हिरी कशासाठी मेली? की गाठ आहे आणि ऐकणंही खरं? दोन्ही? कुणाला विचारू?

हिरी कानात काय म्हणाली?

१८ नोव्हेंबर

बुधाच्या भावाचं तान्हं पोर गेलं. दोन वासरंही. लोक पांड्याकडे गेले.

गोदी पुन्हा कामाला येऊ लागली आहे. काहीच झालं नसल्यासारखी भाकऱ्या भाजते. आज हळूच सांगितलं: हिरी संपली नाही. भुताळी मरताना आपली विद्या दुसरीच्या कानात घालते. सगळ्यांनी पाहिलं, तिनं तोंड कुठल्या कानाला लावलं ते. “तुजा दोष नाय बाय,” म्हणाली. “ती तुज्यात बसलीय. दुखत आसंल.”

दुखतं. कानामागे. हात लावला तर उंच लागतं का?

बाबल्याला बाजारातून गाडी आणायला सांगितलं. शुक्रवारी पहाटे जव्हार, पुढं मुंबई. टेबलावर पडायला तयार आहे. पाचांतली एक मी का नसेन?

२० नोव्हेंबर

डाव्या कानात किंकाळी. बाईची.

माझी.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही, म्हणतात. येतो.

पण मुंबईची असेल! त्या टेबलावरची. म्हणजे मी मुंबईला पोचते. देवा, तिथलीच असू दे. तिथं मेले तरी चालेल.

२१ नोव्हेंबर

पुन्हा आली. या वेळी उजव्या कानात कापूस घातला आणि किंकाळीच्या मागचं ऐकलं. डॉक्टरांचे बूट, तसराळ्यात पडणारी हत्यारं, ट्रामची घंटा, काहीतरी मुंबईचं सापडतं का ते.

कोंबडा आरवला.

मुंबईतही कोंबडे असतात.

मग मुसळ. कुणीतरी भात कांडतंय. मग निखाऱ्यात लोखंड सारल्याचा — मग गोदीचा आवाज. सोमीची वेणी घालताना काढायची तसला मऊ. “डोका धर रं. हलू नको बाय. आता निघंल.”

२२ नोव्हेंबर. शुक्रवार.

उजाडलं. गाडी नाही.

पडवीत आलेत. बाबल्या, पांड्या, आणखी चौघे. चुलीत विळा आहे. पळायला गेले, उंबऱ्यापाशी डावीकडे पडले. गोदीनं उठवून बसवलं, तोंड पुसलं.

पान लिहून होऊ दे म्हटलं. पांड्या थांबा म्हणाला. थांबलेत. तो रडतोय. म्हणतो, या वेळी चूक नको.

गोदीला सांगितलं, जे निघेल ते मला दाखव. गाठ असली तर गाठ. मला बघायचंय. हिरी कशासाठी — डोळे मिटले असले तरी हातात दे. हो म्हणाली. माझ्या उजवीकडे बसली आहे, मला ऐकू यावं म्हणून.

डाव्या कानात कोंबडा. मुसळ.

बाहेर कुणीतरी भात कांडायला लागलं. हे उजव्या —

पांड्या उठला. डोकं कुणीतरी —

आता दोन्ही कानांत एकाच वेळी ते